बारा मीटरची खोली

१

हे सगळं मला नीट आठवतं की नाही, याची खात्री नाही. किल्ल्यातल्या त्या खोलीचं दार डाव्या हाताला होतं, असं लिहायला घेतलं आणि लगेच वाटलं, उजव्या हाताला असावं. महिना मार्चचा होता. वस्तीत मोहफुलांचा वास होता, त्यावरून म्हणतो; पण मोहाचा वास एप्रिलमध्येही असतोच. वर्ष २०१४, हे मात्र खरं. त्या वर्षीची डायरी माझ्यापाशी आहे आणि तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी फक्त तीन आकडे लिहिलेत : दोन, पाच, नऊ. एकक लिहिलेलं नाही. एकक लिहिलं नाही म्हणून मी तीस वर्षं पोरांचे गुण कापले.

मी भौतिकशास्त्र शिकवत होतो. पीएचडी ध्वनीवर केली. तुमसरच्या धानगिरण्यांमध्ये कामगारांच्या कानांवर किती आवाज आदळतो, हा विषय. कॉलेजचं रेकॉर्डिंगचं मोठं यंत्र मी घरी आणत असे आणि ते नीट चालतं का हे तपासायला घरातच फीत फिरवत असे. मधेच मंगला, माझी बायको, काहीतरी बोलायची. चहा झाल्याचं, नळाला पाणी आल्याचं. मग मी तेवढा तुकडा पुसून टाकायचो. मापन बिघडतं म्हणून.

मंगला २००२ साली गेली. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी एका सकाळी दाढी करताना माझ्या लक्षात आलं, की तिचा आवाज मला आठवत नाही. तिची वाक्यं आठवत होती, पण वाचल्यासारखी. गिरण्यांच्या फिती अजून कपाटात आहेत. बावीस आहेत. एकीवरही ती नाही.

२

माझी मुलगी हर्षा जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहते. आयुध निर्माणीत नोकरी करते. एका रविवारी मी तिला विचारलं, "आईचा आवाज आठवतो का तुले?"

"आठवत नसन का बाबा?" ती भाजी निवडत होती. तिनं मान जरा वर केली, भुवया चढवल्या आणि म्हणाली, "‘अवो सर, आंघोळीले जाता का पानी फेकून देऊ?’"

जावई आतल्या खोलीतून हसले. नक्कल चांगलीच असणार. पण त्या दिवसापासून मंगलाचं कुठलंही वाक्य मनात आलं, की ते हर्षाच्या आवाजात येऊ लागलं. जे काही पुसट उरलं होतं, त्यावर दुसरंच रेकॉर्ड झालं.

पुढच्याच महिन्यात पेपरात बातमी आली. आमच्या सासुरवाडीच्या गावातल्या जुन्या वस्तीत इंग्रजांच्या वेळचा एक किल्ला आहे. तिथल्या दारूकोठाराला आतून गिलावा करून, खोटं छत लावून वाचनालय करायचं ठरलं होतं. लग्नानंतरच्या हिवाळ्यात, १९७४ मध्ये, मंगला आणि मी त्या कोठारात गेलो होतो. तिथं ती माझ्याशी एक वाक्य बोलली होती.

मी जाऊन येतो म्हटल्यावर हर्षा वैतागली. "आवाज काय भितीत राह्यते का बाबा? तुमीच त शिकवलं आमाले."

"नाही राहत."

"मंग काहून जाता? गुडघा पाहा आपला."

"खोली पाहून येतो फक्त."

यात काही अंधश्रद्धा नव्हती, हे मला इथं सांगावंसं वाटतं. माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, त्यांच्या सोबत होतो. घरी आल्यावर त्यांनी देव्हारा उतरवला आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगायची आईला बंदी केली. मी त्यांचा मुलगा आहे. माझा हिशेब साधा होता : जागा पाहिली, की विसरलेलं आठवतं. शाळेच्या पायरीवर बसलं, की मास्तरांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. त्या खोलीत उभं राहिलं, तर ते एक वाक्य कदाचित आवाजासकट येईल. आणि गिलावा झाल्यावर ती खोली ती राहणार नाही.

३

किल्ला मोठा नाही. चारही बाजूंना घरं लागलेली, एका बुरुजाला कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली. गोऱ्यांची पलटण गेल्यावर तिथं कचेरी होती, मग धान्याचं गोदाम, मग काहीच नाही. दाराशी परसराम नावाचा चौकीदार लोखंडी खुर्चीवर बसून डबा खात होता. पन्नाशीचा असेल. दुपारचे दोन वाजले होते. काम करणारी बायामाणसं जेवायला घरी गेली होती.

"आत चुना उडून राहिला सर. कपडे खराब होतीन."

"दहा मिनिटांत येतो."

"काय पाहाता पन तिथं? चामचिडी बी छत सोडून उडून गेल्या."

"टाळी वाजवून पाहायची आहे."

त्यानं घास थांबवून माझ्याकडे पाहिलं. "टाळी?"

"आवाज कसा घुमतो ते."

"वाजवा बाप्पा. मच्छर तरी मरतीन."

दारूकोठार म्हणजे एक लांबट, कमानी छताची खोली. खिडकी नाही. ठिणगी पडू नये म्हणून एकच दार, आणि तेही अरुंद. कामगारांनी भिंती खरवडल्या होत्या, त्यामुळे सगळीकडे पांढरी पूड होती. दारातून उन्हाचा एक पट्टा आत येऊन जमिनीवर पडला होता आणि त्यात चुना तरंगत होता. पट्ट्याच्या पलीकडे पार शेवटची भिंत, अंधुक दिसणारी.

त्या खोलीची लांबी मला पाठ आहे. १९७४ मध्ये मीच मोजली होती. आत टेपनं बारा मीटर भरली, मग बाहेरून पावलं टाकून ताळा पाहिला. टाळी आणि तिचा प्रतिध्वनी वेगवेगळे ऐकू यायला भिंत निदान सतरा मीटर दूर लागते. त्याहून जवळ असली तर आवाज नुसता घुमतो, परत येत नाही. मी मंगलाला हे समजावून सांगितलं होतं. नवीन लग्न झालेलं, दुसरं काय बोलावं ते मला सुचत नसे. तिची धाकटी बहीण धुरपताही सोबत होती, कारण नव्या जोडप्याला एकटं फिरायला पाठवायची तेव्हा पद्धत नव्हती. मंगलानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे पाच मीटर कमी पडले म्हना."

हेच ते वाक्य. मी दाराच्या आत दोन पावलं उभा राहिलो, डोळे मिटले आणि ते वाक्य मनात म्हटलं. ते हर्षाच्या आवाजात आलं.

४

मग मी टाळी वाजवली. सवयीनं, दुसरं काही नाही.

खोली घुमली, घुमणं विरलं. मी दुसऱ्यांदा हात उचलत होतो, तेवढ्यात टाळी परत आली.

स्वच्छ, एकटी, समोरून. मला वाटलं परसराम आत आला. वळून पाहिलं, तर तो दूर खुर्चीवर डबा विसळत होता.

मी घड्याळ पुढे धरलं, पण टाळी लगेच पुन्हा वाजवली नाही. आधी विचार केला. मधला वेळ अंदाजे दोन सेकंद. दोन सेकंद म्हणजे भिंत तीनशे चाळीस मीटर दूर. किल्ला ओलांडून, वस्ती ओलांडून, तलावाच्या पाळीपाशी. भिंत तर समोर दिसत होती. कुठं बोगदा असेल, भुयार असेल, कामगारांनी खरवडताना एखादी फट उघडी पडली असेल. म्हाताऱ्या कानांचाही भरवसा नाही. मी डॉक्टरांना दाखवायला हवं होतं, हे गेल्या वर्षीपासून घरचे सांगत होते.

दुसरी टाळी वाजवली. घड्याळाच्या काट्याकडे पाहत राहिलो. तीन. चार. पाचला ती परत आली. थोडी मऊ होऊन आली, जणू तळहात ओले होते.

पाच सेकंद म्हणजे साडेआठशे मीटर. तिथं धानाच्या बांध्या आहेत, भिंत नाही. आणि भिंत कुठंही असो, ती दोन टाळ्यांच्या मधे पाचशे मीटर मागे सरकत नाही. मी पोरांना असा निकाल आणल्याबद्दल प्रयोगशाळेतून बाहेर काढलं असतं.

मी तेव्हाच निघायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. मला बरं वाटत होतं. ज्या खोलीत पाच मीटर कमी पडले होते, तिथं आता जागा झाली होती. मी तिसरी टाळी वाजवली.

सहा. सात. बाहेर परसरामनं डब्याचं झाकण लावलं, तो आवाज कोरडा, जवळचा, जसा असावा तसा आला. आठ.

"डोमा."

५

माझं नाव डोमा आहे. कॉलेजात मी ते कधी लिहिलं नाही, डी. एम. लिहीत आलो, आणि लोक मला डी. एम. सर म्हणतात. गावठी नावाची मला लाज वाटत होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. डोमा म्हणणारी माणसं, म्हणजे आई, वडील आणि थोरला भाऊ, सगळी गेली होती. परसरामला मी नाव सांगितलेलं नव्हतं.

आवाज मंगलाचा होता. जो आवाज आठवत नाही तो ओळखता कसा येतो, असं कुणी विचारेल. पण ओळखायला वेळच लागला नाही. आणि तो हर्षाच्या नकलेसारखा अजिबात नव्हता. किंचित जाड होता, शेवटच्या ‘आ’ला जरा फाटत होता. हो, फाटत होता. मी हे कसं विसरलो होतो?

माझे पाय आपोआप पुढे गेले. उन्हाच्या पट्ट्यात आलो.

"डोमा!"

या वेळी जरा मोठ्यानं, आणि शेवटी हसू दाबल्यासारखं. आणि तेव्हा माझी बुद्धी जागी झाली. त्या बुद्धीला मी अजून क्षमा केलेली नाही.

मंगलानं माझं नाव कधीही घेतलं नव्हतं. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईनं तिच्या मनात घातलं होतं. आमचं लग्न बुद्धवंदना म्हणून झालं, तिनं माझ्यासोबत सगळ्या प्रतिज्ञा म्हटल्या, पण ही एक गोष्ट तिनं सोडली नाही. ओटीभरणाच्या दिवशी बायांनी कोंडाळं करून आग्रह केला, तर "आमचे सर" एवढंच म्हणाली. हर्षाच्या वेळी दवाखान्यात नर्सनं पतीचं नाव विचारलं, तेव्हा कळा येत असताना हिनं पेन्सिल मागितली आणि लिहून दाखवलं. अठ्ठावीस वर्षांत एकदाही नाही. मग हे जे माझ्या नावानं बोलावत होतं, ते आवाज तिचा घेऊन आलं होतं, पण तिची रीत त्याला ठाऊक नव्हती.

आणि आईची आठवण आली. वडील घरी नसले की आई हळूच सांगायची : कोणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नको. तीन होऊ दे. माणूस असला तर तिसऱ्यांदा मारतेच. जे माणूस नाही, ते दोनदाच मारते.

मी ध्वनिशास्त्राचा डॉक्टर, वय अडुसष्ट, खोलीच्या मधोमध तोंड मिटून उभा राहिलो आणि तिसऱ्या हाकेची वाट पाहू लागलो. ओ माझ्या घशात आलेली होती. ती मी धरून ठेवली.

वाट पाहताना मी समोर पाहिलं. माझ्या चालण्यानं चुन्याची पूड उडाली होती आणि दारातल्या उजेडात ती शेवटच्या भिंतीपर्यंत हळूहळू पसरत होती. सगळीकडे ती होती. एका जागी नव्हती. भिंतीपासून हातभर अलीकडे, माणसाच्या उंचीची एक जागा रिकामी होती. पूड तिच्या कडेनं वळत होती. खांद्यापाशी रुंद, वर अरुंद, आणि दोन्ही बाजूंना कोपर निघाल्यासारखे. तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर हाक मारताना आमच्याकडच्या बाया तोंडाला दोन्ही हात लावतात, तसे. त्याचं तोंड माझ्याकडे असतं तर मी कदाचित थांबलो असतो. पण ते भिंतीकडे तोंड करून होतं. त्याची पाठ माझ्याकडे होती.

मग त्या दोन कोपरांमधली पूड जराशी आत ओढली गेली. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, तशी.

मी पळालो. अडुसष्टाव्या वर्षी, त्या गुडघ्यानं. दाराच्या चौकटीला खांदा लागला आणि मी बाहेर उन्हात येऊन पडलो.

६

परसरामनं मला उठवून खुर्चीवर बसवलं, तोंडावर पाणी मारलं. कपडे झटकले. "म्हनलं होतं ना मी, चुना हाये म्हनून. छातीत गेला असन." मग त्यानं विचारलं, "सर, हा डोमा कोन होय?"

मी वळून कोठाराच्या दाराकडे पाहिलं.

"कोनी बाई बलावून राहिली होती ना. डोमा, डोमा करून. दोनदा. तुमाले नाही आयकू आली?"

"कुठून आला आवाज?"

त्यानं हात हवेत फिरवला. "आता कसं सांगू? वस्तीतूनच असन. तिकडं मागच्या गल्लीत बाया राह्यतेत. एखादीचा पोरगा असन डोमा. आमच्या इकडं चार घराले एक डोमा हाये, सर." तो हसला. "दगड मारला त डोमालेच लागते."

या वाक्यावर मी नऊ वर्षं काढली. विचार करा, किती सोपं होतं ते. दार उघडं, मागे गल्ली, गल्लीत कुणी डोमा, त्याला बोलावणारी कुणी बाई. मंगलाच्याच गावची, म्हणून बोलण्याचा हेलही तोच. टाळ्यांचं म्हणाल तर मागच्या गल्लीत कुणी कपडे धूत असेल. धोपटण्याचा आवाज टाळीसारखाच, आणि ओलाही. पुडीतली ती जागा म्हणजे वाऱ्याचा झोत. एकेका गोष्टीला कारण होतं. मी ती कारणं रात्री अंथरुणात क्रमानं म्हणत असे, आणि झोप येत असे.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. त्या दिवसापासून तिचा आवाज मला आठवत होता. पण एकाच शब्दापुरता. बाकीची सगळी वाक्यं मुकीच राहिली. आणि तो एक शब्द तिनं कधी उच्चारलेलाच नव्हता, म्हणजे जे आठवत होतं ते तिचं नव्हतंच. मी वर्षानुवर्षं कुणा परक्या बाईचा आवाज उशाशी घेऊन झोपत होतो, असंच म्हणायला हवं होतं.

दरम्यान दारूकोठाराचं वाचनालय झालं. मी उद्घाटनाला गेलो नाही. पुढं एकदा गेलो. पंखे, लोखंडी कपाटं, थर्माकोलसारखं पांढरं छत. टाळी वाजवून पाहिली. काही घुमलंसुद्धा नाही. एका मुलीनं स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून डोकं वर काढून "शू" केलं.

७

२०२३ च्या दिवाळीनंतर धुरपता आजारी असल्याचं कळलं. ती वरठीला मुलाकडे राहते. भेटायला गेलो. खाटेवर पडून होती, पण तोंड चालू होतं.

"या भाऊजी. म्हतारे झाले तुमी."

"तू काय कमी झालीस?"

"मी त चालली आता. तुमाले काय, शंभर वर्सं. ताईनं आयुष्य देल्लं तुमाले आपलं."

मी हसलो. ती मात्र हसली नाही. कुशीवर वळून म्हणाली, "एक गोष्ट सांगतो. ताईनं शपथ घातली होती, पन आता कोनाची शपथ अन् काय. तो किल्ला पाह्याले गेलतो ना आपन? तुमी भाएर पावलं मोजत होते. एक, दोन, तीन करत. आमी दोघी आत. ताई मले म्हने, धुरपता, तू दारात उभी राह्य, ते आले त सांग. अन् गेली भितीपाशी, तोंडाले हात लावले, अन् नाव घेतलं तुमचं."

किल्ल्यात माझ्यासोबत जे झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. हर्षालाही नाही.

"डोमा म्हने. असं जोरात! मी त दारातच मेली लाजेनं. अन् वाट पाहे, आवाज वापस येते का म्हनून. कुठचा येते? तुमी सांगतलंच होतं, नाही येत म्हनून. त मंग अजून घेतलं. हासत होती. मंग घाबरली. म्हने, नाव घेतलं अन् वापस बी आलं नाही, आता गेलं कुठं ते? घरी येऊन आमच्या आजीनं सांगतलेले उपास धरले तिनं तुमच्यासाठी. तुमच्या बुद्धवंदनेच्या घरात, चोरून."

"किती वेळा?" मी विचारलं.

"काय?"

"नाव. किती वेळा घेतलं?"

"तीनदा." तिनं बोटं दाखवली.

मी पुन्हा विचारलं. तिला राग आला. "मी दारात उभी होती का तुमी? दोनदा जोरात, अन् तिसऱ्यांदा हळूच. हात खाली घेतले, अन् कोनी बाजूले बसला असन त्याले म्हनावं तसं म्हनलं. थे भितीले नाही म्हनलं. तुमालेच म्हनलं."

चहा आला. धुरपताच्या सुनेनं बिस्किटं पुढे केली. मी एक घेतलं.

मी दोनच हाका ऐकून बाहेर आलो होतो.